जुन्या रायफलला नवा दस्ता

रायफल म्हटली की लक्ष जाते ते नळीकडे आणि चापाकडे. ती ज्या भागाने खांद्याला भिडते, तो दस्ता अनेकांना केवळ धरण्याची सोय वाटतो. प्रत्यक्षात नेम किती अचूक बसेल, हे बऱ्याच अंशी दस्त्यावर अवलंबून असते. अमेरिकी सैन्याच्या एम-१४ या रायफलीचा इतिहास त्याची साक्ष देतो. दस्ता बदलल्याने रायफलीची कायदेशीर ओळखही बदलू शकते, हे अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाने विशेषत्वाने जाणून घ्यावे असे आहे.

एम-१४ अमेरिकी सैन्याने १९५७ मध्ये स्वीकारली. भारतीय सैन्यात आणि पोलीस दलांत अनेक वर्षे वापरली गेलेली एसएलआर ज्या ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसावर चालते, त्याच जातीचे काडतूस हिचेही. सुरुवातीचे दस्ते अक्रोडाच्या लाकडाचे होते. व्हिएतनामच्या दमट हवेत ते फुगू लागले, तेव्हा फायबरग्लासचे दस्ते आले. पुढे हलक्या एम-१६ ने तिची जागा घेतली आणि सुमारे १३ लाख ८० हजारांच्या घरात तयार झालेल्या या रायफलींपैकी अनेक कोठारांत जाऊन पडल्या.

लाकडाच्या फुगण्याने एवढे काय बिघडते? या रायफलीत नळी आणि तिला जोडलेला रिसीव्हर वरून दस्त्यात बसतो, तर चापाचा संच खालून येऊन दोन्ही भाग दस्त्याला आवळून धरतो. प्रत्येक गोळीच्या धक्क्याने हे सारे हादरते. हादरल्यानंतर रिसीव्हर तंतोतंत मूळ जागी परतला नाही, तर पुढची गोळी वेगळ्या ठिकाणी लागते. लाकूड ओलाव्याने फुगते, उन्हाने आकसते आणि दाबाने झिजते. कसबी कारागीर रिसीव्हर आणि दस्ता यांमधील फट इपॉक्सीने भरून हा दोष दूर करत. तथापि सफाईसाठी रायफल वारंवार खोलली की तो थरही झिजे आणि काम पुन्हा करावे लागे.

अफगाणिस्तानच्या युद्धात या जुन्या रायफलीची पुन्हा आठवण झाली. दऱ्याखोऱ्यांतून दूरवरून होणाऱ्या माऱ्याला उत्तर देताना आखूड नळीची एम-४ अपुरी पडत होती. नौदलाच्या विशेष दलांसाठी एम-१४ चा रिसीव्हर सेज इंटरनॅशनल या कंपनीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवून मार्क-१४ ही रायफल घडवण्यात आली. भूदलाने स्वतःची आवृत्ती इलिनॉयमधील रॉक आयलंड आर्सेनल येथे जुळवली.

या चौकटीने तीन गोष्टी साधल्या. धातू ओलाव्याने फुगत नसल्याने रिसीव्हरची बैठक स्थिर राहिली. दुर्बीण उंचावर बसवली की जुन्या दस्त्यावर गाल टेकवून डोळा तिच्या रेषेत येत नसे. गालपट्टीची उंची बदलता येऊ लागल्याने ती अडचण सरली. लांबीही सैनिकाच्या हातांच्या मापाने आणि अंगावरील चिलखतानुसार कमीजास्त करता येऊ लागली. याची किंमत मात्र वजनात मोजावी लागली. मूळची सुमारे ४ किलोची रायफल ५ किलोंच्या पुढे गेली. दुर्बीण आणि दुपायी जोडल्यावर त्याहूनही जड झाली. शिवाय झिजलेली नळी कोणताही दस्ता सुधारू शकत नाही.

अशा चौकटी आता नागरी बाजारातही मिळतात. एम-१४ ची चाप ओढताच एकच गोळी झाडणारी आवृत्ती, एम-१ए, अमेरिकेत नागरिकांना विकली जाते आणि तिला या चौकटी बसतात. परंतु कॅलिफोर्निया व न्यूयॉर्क या राज्यांत, मॅगझिन काढता येणाऱ्या अशा स्वयंभरण रायफलीला पिस्तुलासारखी मूठ किंवा लांबी कमीजास्त होणारा दस्ता जोडला की ती बंदी असलेल्या प्रकारात मोडते. लाकडी दस्त्याची जी रायफल नियमात बसू शकते, तीच नव्या चौकटीत गुन्ह्याचे कारण ठरू शकते. आयात केलेल्या स्वयंभरण रायफलीच्या बाबतीत आणखी एक संघीय नियम लागू होतो. तिची फेरजुळणी करताना ठरलेल्या यादीतील दहांहून अधिक भाग परदेशी असून चालत नाहीत आणि त्या यादीत दस्त्याचीही गणना होते.

सर्वांत महत्त्वाची बाब व्हिसाची आहे. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर आलेल्या व्यक्तीने बंदूक वा काडतुसे बाळगणे संघीय कायद्याने निषिद्ध आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकांना ही विशिष्ट बंदी लागू नाही. म्हणून नव्या दस्त्याचा विचार करणाऱ्याने आधी स्वतःचा व्हिसा, मग राज्याचा कायदा आणि त्यानंतरच रायफल पाहावी. या क्रमात चूक झाली, तर बंदुकीबरोबरच देशातील वास्तव्यही धोक्यात येऊ शकते.