भातावरील करपा
करपा हा मॅग्नापोर्थे ओरायझी या बुरशीमुळे होणारा भाताचा घातक रोग आहे. पानांवर दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी आणि कडेने तपकिरी ठिपके पडतात. ते एकमेकांत मिसळले की पान करपते. लोंबीच्या मानेवर लागण झाल्यास दाणे पोचट राहतात व लोंबी मोडते. ढगाळ हवा, दीर्घकाळ ओली पाने आणि नत्राचा अतिरेक रोगाला पोषक ठरतात. बीजाणू वाऱ्याने पसरतात. याच बुरशीचे इतर प्रकार नाचणी व गव्हावर येतात. गव्हावरील करपा ब्राझीलमध्ये 1985 साली प्रथम आढळला आणि 2016 साली बांगलादेशात पोहोचला. प्रतिकारक वाण, बीजप्रक्रिया, नत्राचे विभागून हप्ते, रोगट अवशेषांचा नाश आणि गरजेनुसार बुरशीनाशकाची फवारणी हे नियंत्रणाचे मुख्य उपाय आहेत.