दिवाळीचे देणे
मूल सांभाळणाऱ्या मावशींचा बोनस किती, केव्हा आणि कोणत्या न्यायाने

नवरात्र उठले, दसरा पार पडला आणि बाजारात आकाशकंदील टांगले जाऊ लागले, की ज्या घरांतून आईवडील दोघेही नोकरीस जातात आणि ज्यांच्या तान्ह्या अथवा शाळकरी मुलाचा सांभाळ दिवसभर एखाद्या मावशी करतात, त्या घरांतून एक प्रश्न हलक्या आवाजात विचारला जातो : यंदा मावशींना दिवाळीचे काय द्यायचे? हा प्रश्न कोणी शेजाऱ्यापाशी काढतो, कोणी सोसायटीतल्या मैत्रिणीपाशी, कोणी आपल्या आईपाशी. परंतु ज्या बाईंच्या संसाराशी त्याच्या उत्तराचा सर्वांत निकटचा संबंध, त्यांच्यापाशी तो क्वचितच निघतो. मग कोठे महिन्याचा पुरा पगार दिला जातो, कोठे अर्धा, कोठे पाचशेची नोट आणि मिठाईचा पुडा, तर कोठे कपाटात पडून राहिलेली साडी. एकाच इमारतीत, एकाच तऱ्हेच्या कामाबद्दल इतकी तफावत पडावी, याचे कारण माणसांच्या कृपणपणात शोधण्यापेक्षा त्यांच्या मनातील संभ्रमात शोधणे अधिक न्याय्य होईल. ही रक्कम म्हणजे सणाची खुशाली, की वर्षभराच्या कष्टाचे राहिलेले देणे, याचा निर्णय आपण केलेला नसतो. आणि तो झाल्यावाचून आकडा ठरणे शक्य नाही.

दिवाळीच्या दिवसांत दारी येणाऱ्यांना पोस्त देण्याची आपल्याकडची वहिवाट जुनी आहे. टपाल आणणारा, रात्रीची गस्त घालणारा, कचरा नेणारा अशा सर्वांचा सण गोड व्हावा या सद्भावनेने ती दिली जाते आणि तिचे मान देणाऱ्याच्या ऐपतीवर व मर्जीवर ठरते. पण ज्या बाई सकाळी आठापासून सायंकाळी सातापर्यंत आपल्या मुलाला न्हाऊ घालतात, भरवतात, निजवतात, तापात कपाळावर पट्ट्या ठेवतात आणि त्याच्या पहिल्या पावलाच्या साक्षी होतात, त्यांना या पोस्तेच्या रांगेत उभे करणे हा त्यांच्या कामाविषयीचा गैरसमज आहे. त्यांचे नाते दाराशी नाही, घराच्या नित्य व्यवहाराशी आहे. आणि नित्य व्यवहारातील देणे मर्जीवर सोडून चालत नाही.

गिरणगावाचा पूर्वेतिहास

बोनस हे वेतन की औदार्य, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. तो मुंबईच्या गिरणगावातच प्रथम निकराने लढला गेला. पहिल्या महायुद्धाच्या काळात महागाई भडकली, तेव्हा १९१७ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांना पगाराच्या दहा टक्के युद्ध-बोनस सुरू केला आणि पुढे तो वाढवत नेला. युद्धानंतरच्या भरभराटीत वार्षिक बोनसही काही वर्षे दिला गेला. १९२३ सालाबद्दलचा बोनस देण्यास मालकांनी नकार दिला, आणि १९२४ च्या आरंभी लाखावर कामगार संपावर गेले. सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिने असा निष्कर्ष काढला, की या बोनसवर कामगारांचा रूढीने, कायद्याने वा न्यायबुद्धीने बजावता येईल असा कोणताही हक्क शाबीत होत नाही. मालकांनी दिले म्हणून मिळाले, आणि बंद केले म्हणून बंद झाले, एवढाच त्याचा अर्थ.

हा निष्कर्ष कायम राहिला नाही. १९५० साली गिरणीमालक संघ आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्या तंट्यात कामगार अपील न्यायाधिकरणाने असे तत्त्व मांडले, की नफा हा भांडवल व श्रम या दोहोंच्या सहयोगाचे फळ असल्यामुळे त्यात श्रमाचा वाटा आहे, आणि प्रत्यक्ष मिळणारे वेतन व सुखाने जगण्यास पुरेल असे वेतन यांतील अंतर बोनसने काही अंशी भरून निघावे. पुढे एम. आर. मेहेर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाचा अहवाल येऊन १९६५ साली बोनसचा कायदा झाला. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत, वर्षात निदान ३० दिवस काम केलेल्या पात्र कामगारास वार्षिक वेतनाच्या किमान ४ टक्के, आणि पुढील दुरुस्तीने ८.३३ टक्के, बोनस देणे त्याने बंधनकारक केले. कमाल मर्यादा २० टक्के ठेवली. हा ८.३३ चा आकडा दिसायला विचित्र वाटला तरी त्यात गूढ काही नाही : तो शंभराचा बारावा हिस्सा आहे, म्हणजेच वर्षाकाठी एक महिन्याचा पगार. २०१९ च्या वेतन संहितेतही हेच किमान प्रमाण कायम राहिले आहे.

एकाच इसमास नोकरीवर ठेवणारे कुटुंब या कायद्याच्या कक्षेत येत नाही. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम केला. त्यान्वये अठरा ते साठ वर्षे वयाच्या घरकामगारांची नोंदणी होते आणि काही कल्याणकारी साहाय्य मिळते, पण घरमालकाने बोनस द्यावा अशी सक्ती त्यात नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जून २०११ मध्ये घरकामगारांसाठी सुयोग्य कामाचा १८९ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण त्यास अनुसमर्थन दिलेले नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांच्या हक्कांसाठी कायद्याची चौकट सुचविण्याकरिता तज्ज्ञांची समिती नेमण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले. तात्पर्य, आपल्या घरातील मावशी आज कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ तेथेच उभ्या आहेत, जेथे १९२४ साली गिरणी कामगार उभा होता : दिले तर मिळेल, न दिले तर दाद नाही.

घराला नफा कोठून?

यावर कोणी म्हणेल, गिरणीला नफा होता, घराला कोठला? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर घराच्या जमाखर्चातच आहे. ज्या दिवशी मावशी येत नाहीत, त्या दिवशी आई किंवा वडील यांपैकी एकाला रजा टाकावी लागते. त्या महिनाभर आल्या नाहीत, तर एकाची नोकरी डळमळते. म्हणजे दरमहा घरात येणाऱ्या दोन पगारांपैकी निदान एक पगार त्यांच्या हजेरीवर अवलंबून असतो. येथे एक चुकीची सवयही मोडली पाहिजे : मावशींचा पगार आईच्या पगारातून वजा करून ‘मग हिच्या नोकरीत उरले काय’ असा हिशेब बऱ्याच घरांत मांडला जातो. मूल दोघांचे आहे, म्हणून त्याच्या सांभाळाचा खर्चही दोघांच्या एकत्रित मिळकतीवर पडला पाहिजे. आणि तसा तो मांडला, की मावशींचे देणे जड वाटेनासे होते.

शासनालाही हे तत्त्व अमान्य नाही. रेल्वे कामगारांना उत्पादकतेशी निगडित बोनस मिळतो, महानगरपालिका आपल्या कर्मचाऱ्यांना दिवाळीत सानुग्रह अनुदान देतात, आणि गावोगावच्या अंगणवाडीत परक्यांची मुले सांभाळणाऱ्या सेविका व मदतनीस यांना महाराष्ट्र शासन दोन हजार रुपयांची भाऊबीज भेट देते. ही रक्कम त्यांच्या कष्टाच्या मानाने अल्प आहे, हे खरेच. परंतु मूल सांभाळणे हे काम आहे आणि त्या कामाला सणाचे देणे लागते, ही कबुली तीत आहे. घराने शासनापेक्षा मागे का राहावे?

रकमेचा हिशेब

म्हणून नियम सोपा असावा : वर्ष पुरे झाले असेल तर चालू पगाराइतका, पुरा एक महिन्याचा बोनस. कारखान्यांच्या कायद्यात हिशेबासाठी वेतनाची जी मर्यादा घातली आहे, ती घराने आपल्या सोयीसाठी उसनी आणू नये. वर्ष पुरे नसेल, तर महिन्यांच्या प्रमाणात. समजा, पगार पंधरा हजार आहे आणि बाई फेब्रुवारीच्या एक तारखेपासून येत आहेत. ऑक्टोबरअखेर नऊ महिने झाले, म्हणून बोनस ११,२५० रुपये. बाळंतपणानंतर तीनच महिने बाळाला तेल लावून न्हाऊ घालण्यास येणाऱ्या बाईंनाही मासिक रकमेचा चौथा हिस्सा पोचला पाहिजे. मधे पगार वाढला असेल तर वाढलेला धरावा. आजारपणाचे खाडे कापू नयेत. बाई दोन घरी काम करीत असतील, तर प्रत्येक घराने आपापल्या पगाराइतके द्यावे. ‘त्या घरी मिळेलच’ हे उत्तर दोन्ही घरांनी दिले, म्हणजे कोणत्याच घरी मिळत नाही. बाई संस्थेमार्फत आलेल्या असतील, तर आपण दिलेल्या रकमेतून त्यांच्या हाती काय पडते याची खातरजमा करावी आणि बोनस थेट त्यांनाच द्यावा.

एकदम एवढी रक्कम काढणे मध्यम मिळकतीच्या घराला कठीण जाते, ही अडचण खरी आहे; तिला उपाय आधीपासूनच्या तरतुदीचा. पंधरा हजारांच्या पगारावर दरमहा साडेबाराशे रुपये बाजूला टाकले, की वर्षअखेर बोनस तयार असतो. ज्या वर्षी घरावरच संकट कोसळले असेल, त्या वर्षी श्रावणातच तसे स्पष्ट सांगावे, जे देणे शक्य असेल ते द्यावे आणि उरलेल्याची मुदत ठरवावी. ज्या बाईंनी त्या रकमेवर मुलांचे कपडे, शाळेची फी किंवा गावाकडचे देणे योजले आहे, त्यांना धनत्रयोदशीच्या दिवशी नकार ऐकवणे हे न देण्याहूनही अधिक दुखावणारे असते.

मावशींनी मधे उचल घेतली असेल, तर ती बोनसमधून परस्पर वळती करून घेऊ नये. उचल पगारातून फिटते. तीच बोनसमधून कापली, तर सणाला हात रिकामा तो रिकामाच. त्यांनी आपण होऊन तसे सुचवले, तर गोष्ट वेगळी.

केव्हा आणि कोणत्या सणाला

पैसे वसुबारसेच्या निदान आठवडाभर आधी पोचावेत, कारण रवा, बेसन, तेल यांची खरेदी आणि गावी जायच्या गाडीचे आरक्षण लक्ष्मीपूजनाची वाट पाहत नाही. पण दिवाळीच का, हेही एकदा विचारावे. बाई मुस्लिम असतील तर त्यांना ही रक्कम ईदेपूर्वी हवी असेल. वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती बाईंना नाताळाआधी. कोणाला चौदा एप्रिलच्या जयंतीला. सण त्यांचा, म्हणून दिवस त्यांनी निवडावा. रोख हवी की खात्यात, हेही त्यांनीच सांगावे, आणि ती दुसऱ्या कोणाच्या हाती न जाता त्यांच्याच हाती जावी. साडी, फराळ, मुलांसाठी फटाके हे सारे आनंदाने द्यावे, पण त्याची किंमत बोनसमधून वजा करू नये. आणि सणाचे चार दिवस पगारी सुट्टी, ही तर बोलून दाखवण्याचीही गोष्ट असू नये.

‘बोनस घेऊन बाई काम सोडून जातात’ ही भीती नेहमी ऐकू येते. पण जे वर्ष सरले, त्याचे हे देणे आहे. पुढच्या वर्षाचा तो विसार नव्हे. याच न्यायाने इमारतीतील काही कुटुंबांनी एकत्र येऊन ‘आपल्याकडे अमुकच द्यायचे’ असा वरचा भाव बांधणे अनुचित आहे. एकत्र यायचेच असेल, तर ‘याहून कमी कोणी द्यायचे नाही’ असे ठरवण्यासाठी यावे. पुण्यातील मोलकरणींनी १९८० साली संप करून आपली संघटना उभारली, ती जी गोष्ट मिळवण्यासाठी, ती घरमालकांनी स्वखुशीने करण्यास कोणाचा प्रत्यवाय नाही.

वाढत्या मुलाबरोबर सरणारी नोकरी

या नोकरीचे एक वैशिष्ट्य इतर कोणत्याही नोकरीत सहसा आढळणार नाही. मूल जसजसे सुदृढ, शहाणे आणि स्वावलंबी होते, तसतशी त्याला सांभाळणाऱ्या बाईंची गरज कमी होते. म्हणजे त्यांनी आपले काम जितके उत्तम केले, तितकी त्यांची नोकरी अखेरीस येते. मूल शाळेत जाऊ लागले, की एके दिवशी ‘पुढच्या महिन्यापासून नको’ असे सांगितले जाते, आणि ते नेमके दिवाळीच्या दोन महिने आधी असते तेव्हा दहा महिन्यांचा बोनस बिनबोभाट बुडतो. असे होऊ नये. काम आपल्याकडून थांबवायचे असेल, तर त्या तारखेपर्यंतचा बोनस हिशेब करून हातावर ठेवावा. आणि बाई पाच वर्षे किंवा अधिक राहिल्या असतील, तर १९७२ च्या उपदान कायद्याने कारखान्यांना जो दंडक घालून दिला, म्हणजे दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, तो आपल्या घरासही लागू आहे असे समजून वागावे.

‘त्या आम्हाला घरच्यासारख्याच आहेत’ असे आपण म्हणतो, आणि पुष्कळदा ते मनापासून म्हणतो. मूल त्यांच्या गळ्यात पडते, त्यांनाही ते आपल्या नातवासारखे वाटते, आणि हा स्नेह कोणत्याही रकमेत मोजता येत नाही, हे सर्वस्वी सत्य आहे. परंतु जे मोजता येत नाही, त्याच्या आधाराने जे मोजता येते ते कमी करणे हा स्नेहाचा दुरुपयोग आहे. घरच्या माणसाला वारसा असतो, म्हातारपणी हक्काचा कोपरा असतो; मावशींना यांतले काहीच आपल्या घरी नाही. त्यांना आहे तो फक्त त्यांच्या श्रमाचा मोबदला, आणि तो पुरा मिळाला, तरच त्या स्नेहाला निर्मळपणा राहतो.

गिरणी कामगाराला १९२४ पासून १९६५ पर्यंत एक्केचाळीस वर्षे वाट पाहावी लागली. आपल्या घरातील मावशींसाठी कायदा केव्हा होईल तो होवो; घराचा कारभार चालवणाऱ्यांनी त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. या आठवड्यात मावशींना स्वस्थपणे बसवून तीन गोष्टी विचाराव्यात : सण कोणता, पैसे कोणत्या दिवशी हवेत आणि कसे हवेत. रक्कम किती, हे मात्र त्यांना विचारू नये. ती एक महिन्याचा पगार आहे, आणि ती आपण देणे लागतो.