परकीय चलनाचा दलाल आणि त्याची कचेरी

कारखान्यातून निवृत्त होणाऱ्या माणसाच्या हाती प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी यांची रक्कम एकदमच पडते. तिच्या वासावर जे कोणी येतात, त्यांत अलीकडे डॉलर-युरोच्या चढउतारावर पैसे मिळवून देतो म्हणणारा दलालही असतो. सभासद सांगतात, “भाऊ, मी स्वतः पाहून आलो. त्यांची कचेरी आहे. मग हरकत काय?”

कचेरी पाहून येणे हे शहाणपणाचेच. परंतु काय पाहावयाचे हे आधी ठरले पाहिजे. टेबल, खुर्च्या आणि काचेचे दार ही हल्ली महिन्याच्या भाड्याने सहज मिळतात. चलनाशी संबंध नसलेले, पण आपल्या परिचयाचे उदाहरण घ्या. दादरसह मुंबईच्या परिसरात टोरेस नावाची दागिन्यांची झगमगीत दालने राजरोस उघडी होती. २०२५ च्या जानेवारीत ती बंद पडली आणि पैसे गुंतविलेल्या लोकांची दारात गर्दी झाली. दालने खरी होती. पैसे मात्र अडकले.

कामगार चळवळीत कचेरीचा अर्थ निराळा आहे. ठेकेदाराने मजुरी थकविली की पहिला प्रश्न येतो तो हा, की नोटीस कोणत्या पत्त्यावर बजावावयाची? जेथे बजावलेली नोटीस कायद्याने मालकाला पोचली असे धरले जाते, तीच खरी कचेरी. दलालाच्या बाबतीतही हीच कसोटी लावावी.

म्हणून तपासाचा क्रम उलटा हवा. दलालाने दिलेल्या कार्डावरून कचेरी शोधू नये. सरकारी नोंदवहीतून पत्ता काढावा आणि मग तेथे जावे.

प्रथम कायदा पाहू. परकीय चलनाचे व्यवहार १९९९ च्या फेमा कायद्याखाली येतात. भारतात राहणाऱ्याने ते रिझर्व्ह बँकेने अधिकृत केलेल्या व्यक्तींशी आणि परवानगी असलेल्या कारणांसाठीच करावयाचे असतात. संगणकावरून वा फोनवरून सौदे करावयाचे तर ते रिझर्व्ह बँकेने मान्य केलेल्या मंचांवर किंवा मान्यताप्राप्त शेअरबाजारांतच झाले पाहिजेत. शेअरबाजारातील दलाल सेबीकडे नोंदलेला असतो. तेथेही मे २०२४ पासून नियम स्पष्ट आहे: रुपयाच्या चलन-सौद्यामागे खरे देणे-घेणे असले पाहिजे, निव्वळ सट्ट्यासाठी ती जागा नाही. परदेशी दलालाकडे मार्जिन म्हणून पैसे पाठविण्यास तर परवानगीच नाही, आणि पाठविणारा स्वतःही कारवाईस पात्र ठरतो. म्हणजे पुष्कळदा कचेरी शोधण्याआधीच प्रश्नाचा निकाल लागतो.

आता नोंदवह्या. दलालाकडे सेबीचा नोंदणी क्रमांक मागावा आणि सेबीच्या संकेतस्थळावर तो शोधून तेथील नाव व पत्ता उतरवून घ्यावा. कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदवहीत तिचे नोंदणीकृत कार्यालय सापडते. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे प्रत्येक कचेरीबाहेर कंपनीचे नाव व नोंदणीकृत पत्ता ठळकपणे, आणि स्थानिक भाषेच्या लिपीतही, लावणे बंधनकारक आहे. ही पाटी पाहावी. मात्र कंपनी म्हणून नोंद होणे म्हणजे दलालीचा परवाना मिळणे नव्हे. या दोन गोष्टींच्या गल्लतीवरच पुष्कळ फसवणूक उभी असते.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अनधिकृत चलन-मंचांची सावधगिरी यादी प्रसिद्ध केली आणि पुढे ती वाढविली. तीत नाव आढळले तर विषय संपला. पण नाव नाही म्हणून दलाल अधिकृत ठरत नाही. ही यादी सर्वसमावेशक नाही, असे बँकेनेच म्हटले आहे.

परदेशी पत्त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. कॅरिबियन समुद्रातील सेंट व्हिन्सेंट बेटांवरचा पत्ता अनेक दलाल मिरवतात. परंतु चलन-दलालीचा परवाना आपण देत नाही, असे तेथील वित्तीय प्राधिकरणाने जाहीर केलेले आहे. लंडनच्या पत्त्यात दुसरी मेख असते. खऱ्या पेढीचे नाव, क्रमांक आणि पत्ता उचलून केवळ फोन नंबर आपला घालावयाचा! तेव्हा ब्रिटनच्या एफसीएच्या नोंदवहीत नाव सापडले तरी तेथीलच फोनवर बोलून खात्री करावी.

शेवटी पैसा कोठे जातो ते पाहावे. पेढी एका नावाची आणि बँकखाते भलत्याच व्यक्तीचे, असे दिसले की तेथेच थांबावे. सेबीने २०२५ मध्ये नोंदणीकृत मध्यस्थांसाठी ‘व्हॅलिड’ हा शब्द असलेले यूपीआय पत्ते सुरू केले. ‘सेबी चेक’ या सोयीने ते पडताळता येतात. पैसे गेलेच असतील तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. वेळेत कळले तर रक्कम वाटेत गोठविता येण्याची शक्यता असते.

या तपासाला फार तर एक दुपार लागते. तीस वर्षांच्या पाळ्यांनी जमविलेली रक्कम दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी तेवढा वेळ अवश्य द्यावा. ‘आज पैसे भरले नाहीत तर संधी जाईल’ म्हणणाऱ्या दलालाला ती एक दुपारच नको असते.