शिकारीआधी वाचायचे रान

हरणाची शिकार म्हटले, की आपल्याकडे कपाळाला आठ्या पडतात. साहजिकच आहे, वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार भारतात तो गुन्हा आहे. मी राहतो त्या अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मात्र पांढऱ्या शेपटीची हरणे उदंड आहेत. ती फार वाढली, तर कोवळी रोपे खाऊन टाकतात आणि जुन्या झाडांच्या जागी नवी उभी राहत नाहीत. म्हणून तिथले सरकार परवाने देऊन ठरावीक दिवसांत शिकार करू देते. बंदुकीचा मुख्य मोसम नोव्हेंबरमध्ये अवघा नऊ दिवसांचा असतो.

नवशिक्याला वाटते, नेम साधला की झाले. पण नेमाची वेळ येते ती एखाद्या मिनिटापुरती. बाकी सारे काम पायांचे आणि डोळ्यांचे. राज्याच्या उत्तरेला शेवॉमेगन-निकोले हे राष्ट्रीय वन सुमारे १५ लाख एकरांवर पसरले आहे. एवढ्या अनोळखी रानात सुरुवात करायची कुठून?

सुरुवात घरी, नकाशावर करायची. जमिनीचा चढउतार दाखवणाऱ्या रेषांचा नकाशा मी समोर घेतो. हरणाला चारा हवा, बसायला आडोसा हवा आणि या दोहोंमध्ये ये-जा करायला वाट हवी. दोन टेकड्यांमधली खिंड, दलदलीच्या कडेची कोरडी पट्टी, दाट झाडी आणि मोकळे रान जिथे भेटते ती सीमा, अशा जागांवर मी खुणा करतो. कमी दमछाकीची वाट माणसाप्रमाणे हरणालाही आवडते.

मग प्रत्यक्ष पायपीट. बर्फ नुकते वितळलेले असते, तेव्हाचे दिवस यासाठी उत्तम. गवत वाढलेले नसते आणि आदल्या मोसमातल्या खुणा स्पष्ट दिसतात. ऐन शिकारीच्या तोंडावर रान तुडवले, तर हरणे सावध होतात.

खुणा कोणत्या? दुभंगलेल्या खुरांचे ठसे आणि रोजच्या ये-जा करण्याने पडलेल्या वाटा. ताज्या लेंड्या ओलसर व चकचकीत असतात, जुन्या कोरड्या होऊन भुगा होतात. हरणाला वरचे पुढचे दात नसतात; त्यामुळे ते फांदी तोडते तेव्हा टोक फाटल्यासारखे दिसते. सशाने खाल्लेली फांदी सुरीने तिरकी कापल्यासारखी असते. लहान झाडाचे साल घासून निघालेले असेल, तर तिथे नराने शिंगे घासली आहेत, असे समजावे. गवतात लांबट गोल खळगा दिसला, तर ती बसण्याची जागा. तिथून लगेच मागे फिरावे.

यानंतर वाऱ्याचा विचार. हरीण डोळ्यांपेक्षा नाकावर अधिक विश्वास ठेवते. डोंगराळ भागात ऊन चढू लागले, की हवा उताराने वर सरकते. संध्याकाळी गारवा आला, की खाली उतरते. म्हणून एकाच वाटेसाठी सकाळची बसण्याची जागा वेगळी आणि संध्याकाळची वेगळी ठेवावी लागते.

सर्वांत महत्त्वाची पाहणी शेवटची. गोळी चुकली तर थांबेल कुठे? रायफलची गोळी कित्येक किलोमीटर जाऊ शकते. मागे मातीचा चढ नसेल, किंवा पलीकडे रस्ता वा घर असेल, तर ती जागा कितीही चांगली असली तरी सोडून द्यायची. याच कारणाने त्या मोसमात शिकाऱ्याला भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडे घालणे बंधनकारक आहे. दुसरा धोका जनावराला आहे. घाईने, दुरून, झाडीआड झाडलेली गोळी त्याला नुसती जखमी करते आणि ते कुठेतरी दूर जाऊन तडफडून मरते. वाट आधी ठाऊक असेल, तर जवळून, स्वच्छ नेम घेता येतो. नाही मिळाला, तर बंदूक खाली ठेवता आली पाहिजे.

बंदूक बाजूला ठेवली, तरी हे वाचन उरतेच. मेळघाट किंवा ताडोबाच्या वाटेवर चितळ आणि सांबर अशाच खुणा मागे ठेवतात. वाटाड्याबरोबर जाल, तेव्हा जनावर दिसण्याची वाट पाहण्याआधी जरा जमिनीकडे पाहा. रात्रभर तिथे काय चालले होते, ते तिथेच लिहिलेले असते.