पाटी बदलली, पेन्शन कोण देणार?

१ एप्रिल १९८६ रोजी मुंबई आणि दिल्लीचे टेलिफोन दूरसंचार खात्याकडून महानगर टेलिफोन निगमकडे गेले. कर्मचारी मात्र बारा वर्षं अधांतरी राहिले. काम निगमचं, नोकरी कागदोपत्री सरकारी. या अवस्थेला खात्यात ‘डीम्ड डेप्युटेशन’ म्हणत. १ नोव्हेंबर १९९८ पासून तृतीय आणि चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी निगममध्ये सामावले गेले. दोन्हीकडची सेवा एकत्र धरून पेन्शन घेण्याचा पर्याय मिळाला, पण तिचा भार निगमवर. सरकारात भरती झालेल्या माणसाचं म्हातारपण असं एका कंपनीच्या नफ्यातोट्यावर येऊन ठेपलं.

उरलेल्या देशात भारत संचार निगम १ ऑक्टोबर २००० रोजी सुरू झाला. त्याआधी सप्टेंबरमध्ये टेलिफोन कर्मचाऱ्यांनी संप केला. पेन्शन सरकारनेच द्यावी, ही त्यातली कळीची मागणी. ३० सप्टेंबरला, अगदी आदल्या दिवशी, केंद्राच्या पेन्शन नियमांत ‘३७-ए’ दाखल झाला: सेवा एकत्र धरायची, पेन्शन सरकारने द्यायची. कंपनीने बडतर्फ केलं तरी त्या निर्णयावर मंत्रालयाची मोहोर हवी, निर्गुंतवणूक झाली तर संरक्षणाच्या अटी सरकारने ठरवाव्यात, हेही त्यात आलं. मला या नियमाचं मोल फार वाटतं. तोंडी आश्वासनावर न विसंबता लोकांनी देणाऱ्याचं नावच नियमात लिहून घेतलं.

तरीही फट राहिली. या पेन्शनमधला सरकारचा वाटा भारत संचार निगमकडून मिळणाऱ्या कर, लाभांश आणि परवाना शुल्काच्या ६० टक्क्यांपर्यंतच, अशी अट हिशेबात होती. निगम तोट्यात गेल्यावर ती डोक्यावरची तलवार झाली. केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०१६ मध्ये ती हटवली.

मुंबई-दिल्लीकरांना ‘३७-ए’चं छत्र मिळायला २०१४ उजाडलं. एकत्रित सेवेची पेन्शन सरकारने उचलली आणि तोट्यातल्या महानगर निगमच्या २०१३-१४ च्या ताळेबंदात एकदम सुमारे ७,८२५ कोटींचा नफा दिसला. पेन्शनसाठीची तरतूद परत फिरवल्याचा तो परिणाम होता. एवढं मोठं ओझं त्या कंपनीच्या खांद्यावर टाकलं होतं!

पेन्शन शाबूत राहिली, पण वाढ अडली. पेन्शनची सुधारणा कंपनीच्या वेतनश्रेणीला बांधलेली; कंपनीची वेतनवाढ नफ्याला. भारत संचार निगमला तोटा, म्हणून १ जानेवारी २०१७ पासून अपेक्षित असलेली वेतनसुधारणा वेळेवर झाली नाही आणि निवृत्तांची पेन्शनही २००७ च्या वेतनश्रेणीच्या पायावरच रखडली. पेन्शन सरकार देतं, तर निगमच्या तोट्याची झळ निवृत्तांना का? हा प्रश्न घेऊन त्यांच्या संघटना केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात गेल्या आणि सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीतल्या प्रधान पीठाने त्यांच्या बाजूने कौल दिला.

शिवाय, १ ऑक्टोबर २००० नंतर भारत संचार निगमने थेट भरती केलेल्यांना ‘३७-ए’ लागू नाही. एकाच एक्स्चेंजमध्ये, एकाच टेबलावर काम करणाऱ्या दोघांपैकी एकाला सरकारी पेन्शन, दुसऱ्याला भविष्यनिर्वाह निधी.