घोडेस्वारी शिकताय? आधी मांड, मग प्रकार

घोडेस्वारी शिकायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो प्रकाराचा. ड्रेसेज, शो जंपिंग, इव्हेंटिंग, एन्ड्युरन्स की टेंट पेगिंग? बरेच जण ऐकीव माहितीवर उत्तर ठरवूनच क्लबात येतात. मग नको तिथे घाई होते आणि तिचा त्रास स्वाराइतकाच घोड्यालाही होतो. म्हणून सुरुवातीलाच काही गैरसमज दूर केलेले बरे.

गैरसमज : शिकायला लागण्याआधी प्रकार निवडावा लागतो.

वस्तुस्थिती : पहिले काही महिने सगळ्यांचं शिक्षण सारखंच असतं. प्रशिक्षक रिंगणाच्या मधोमध लांब पट्टा धरून उभा राहतो, घोडा त्याच्याभोवती गोल फिरतो आणि स्वाराच्या हाती लगामही दिलेला नसतो. घोडा ट्रॉटला, म्हणजे दुडक्या चालीला लागला की त्याची पाठ उसळू लागते. नवखा स्वार घाबरून गुडघे आवळतो, त्याच्या टाचा वर येतात आणि प्रत्येक ठोक्याला तो खोगिरावर आपटतो. कंबर सैल सुटली, टाच खाली उतरली की हे आपटणं कमी होतं. मग दोन ठोक्यांपैकी एकाला उठायचं, दुसऱ्याला बसायचं, हे अंगवळणी पडतं. मांड अशी पक्की झाली की तोल सावरायला लगाम ओढावा लागत नाही. लगाम घोड्याच्या तोंडातल्या धातूच्या दांडीला जोडलेला असतो. तो हिसकला की दुखतं ते घोड्याच्या तोंडाला. म्हणूनच कोणताही प्रकार घ्यायचा असला तरी आधी मांड हवी.

गैरसमज : माथेरानला घोड्यावर बसलोय, म्हणजे प्राथमिक शिक्षण झालंच.

वस्तुस्थिती : तिथला घोडा रोजच्या वाटेने आणि घोडेवाल्याच्या इशाऱ्यावर चालतो. त्या फेरीचा आनंद खरा आहे, पण घोड्याला वळवणं, थांबवणं, त्याचा वेग राखणं यातलं काहीच आपण करत नसतो. शिक्षण सुरू होतं ते तिथून पुढे.

गैरसमज : ड्रेसेज म्हणजे घोडा नाचवणं; ते मुरलेल्या स्वारांचं काम.

वस्तुस्थिती : टीव्हीवर दिसतं ते शिखर. पायथ्याच्या चाचणीत चाल, ट्रॉट, 20 मीटर व्यासाचं वर्तुळ आणि सरळ थांबणं एवढंच असतं. प्रत्येक हालचालीला दहापैकी गुण मिळतात, त्यामुळे आपलं नेमकं कुठे चुकतंय ते कागदावर दिसतं. नवख्याला याहून चांगला आरसा नाही. 2023 मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुदिप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, अनुष अगरवाला आणि मुंबईचा हृदय छेडा यांनी याच प्रकारात सांघिक सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत भारताला घोडेस्वारीचं सुवर्ण मिळालं ते 1982 नंतर, तब्बल 41 वर्षांनी.

गैरसमज : थरार हवा असेल तर थेट शो जंपिंग शिकावं.

वस्तुस्थिती : उडी घोडा मारतो, स्वाराने त्याच्या आड येऊ नये, हीच मोठी विद्या आहे. उडीच्या क्षणी स्वार मागे कलला तर त्याचं वजन घोड्याच्या पाठीवर आदळतं आणि लगामाला हिसका बसतो. म्हणून सुरुवात होते जमिनीवर ठेवलेल्या दांड्यांवरून ट्रॉट करण्यापासून. स्पर्धेत एक दांडी पडली की चार दंडगुण होतात. ती पडण्याचं कारण बहुतेक वेळा उडीच्या आधीच घडलेलं असतं : वळण चुकलेलं असतं नाहीतर लय तुटलेली असते. हे वळण आणि ही लय पक्की होते ती ड्रेसेजच्या सरावाने.

गैरसमज : एन्ड्युरन्स म्हणजे लांब पल्ल्याची शर्यत, घोडा भरधाव सोडला की झालं.

वस्तुस्थिती : मोठ्या स्पर्धांत 160 किलोमीटरपर्यंत अंतर असतं, पण ते टप्प्याटप्प्याने कापायचं असतं. प्रत्येक टप्प्यावर पशुवैद्य घोडा तपासतात. त्याच्या हृदयाचे ठोके ठरलेल्या वेळेत साधारणपणे मिनिटाला 64 पर्यंत उतरले नाहीत किंवा तो लंगडताना दिसला, तर स्पर्धा तिथेच संपते. मोकळ्या माळावरची लांबची रपेट आवडणाऱ्यांसाठी हा प्रकार आहे, पण त्यात कस लागतो तो संयमाचा.

गैरसमज : हा ताकदवान तरुण पुरुषांचा खेळ आहे आणि एकदा निवडलेला प्रकार बदलता येत नाही.

वस्तुस्थिती : ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेत उतरतात. डेन्मार्कच्या लिझ हार्टेलचे पाय पोलिओमुळे गुडघ्यांखाली लुळे पडले होते. घोड्यावर चढायला-उतरायला तिला मदत लागे. तिने 1952 च्या ऑलिंपिकमध्ये ड्रेसेजचं रौप्य जिंकलं. जपानचे हिरोशी होकेत्सू 1964 मध्ये शो जंपिंगसाठी उतरले होते. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते ड्रेसेजमध्ये खेळले, वयाच्या 71 व्या वर्षी. ज्याला एकच प्रकार निवडवत नाही त्याच्यासाठी इव्हेंटिंग आहे : ड्रेसेज, रानावनातून क्रॉसकंट्री आणि जंपिंग, तिन्ही एकाच घोड्यावर.

तेव्हा प्रकार निवडण्याआधी क्लब नीट निवडा. पैसे भरण्यापूर्वी एक अख्खा वर्ग बाहेर उभं राहून पाहा. घोड्यांच्या पाठीवर खोगिराच्या जखमा आहेत का, शिकाऊंना शांत, अनुभवी घोडे देतात का, पट्ट्यावरचे धडे होतात का, प्रत्येकाच्या डोक्यावर हनुवटीला पट्टा बांधलेलं घोडेस्वारीचं हेल्मेट आहे का, हे बघा. पायात छोटी टाच असलेला बूट घाला, म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार घसरत नाही. घोडा विकत घ्यायची घाई करू नका. शिकायला क्लबचा घोडा पुरतो. मांड पक्की झाली की कोणता प्रकार आपला, हे प्रशिक्षकाला विचारा. तोवर तुमचा स्वभाव त्याच्या पुरता लक्षात आलेला असेल.