घर-खरेदीच्या व्यवहारातील वाळवी-तपासणी : नागपूरच्या सदर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
घर विकत घेताना आपल्याकडे कागदपत्रे, किंमत आणि दिशा या तीन गोष्टी कटाक्षाने पाहिल्या जातात. गृहकर्ज देणारी बँकही वकिलाचा शोध-अहवाल आणि मूल्यांककाचे मूल्यांकन मागविते. चौकटीच्या आतील लाकूड शाबूत आहे काय, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. नागपूरच्या सदर परिसरात, विशेषतः रेसिडेन्सी रोडलगतच्या जुन्या वस्तीत, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. येथे ब्रिटिशकालीन वळणाची जुनी घरे व नव्या सदनिका शेजारी-शेजारी आहेत. नोकरदार कुटुंबाची आयुष्यभराची शिल्लक एका विक्रीपत्रात गुंतत असल्याने या दुर्लक्षित बाजूचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वाळवीची कार्यपद्धती :
वाळवी, अर्थात उधई, हा समूहाने राहणारा कीटक आहे. लाकूड, कागद व कापूस यांतील सेल्युलोज हे तिचे अन्न होय. भूमिगत वाळवीचे वसतिस्थान जमिनीत असते. तिचे अंग कोरड्या हवेत तग धरीत नाही. म्हणून जमिनीपासून लाकडापर्यंत ती मातीच्या बंद नळ्या बांधीत जाते. लाकडाचा बाह्य पापुद्रा शाबूत ठेवून ती आतून पोखरते. त्यामुळे रंगविलेली चौकट बाहेरून धडधाकट दिसते. ‘सागवानाला वाळवी लागत नाही’ ही समजूत अर्धसत्य आहे. सागाच्या गाभ्याचे लाकूड वाळवीला दाद देत नाही, परंतु सालीलगतचे फिकट लाकूड तिला सहज बळी पडते. तसेच वरच्या मजल्यावरील सदनिकाही पूर्णतः सुरक्षित नसते; नळांच्या व विजेच्या वाहिन्यांच्या पोकळीतून वाळवी वर चढू शकते.

तपासणीचे स्वरूप :
तपासणीची सुरुवात जोत्यापासून करावी. भिंतीवर मातीच्या रेषा आढळल्यास त्यांचा थोडा भाग मोडून ठेवावा. काही दिवसांत तो पुन्हा बांधला गेल्यास वाळवी सक्रिय आहे असे समजावे. मात्र तो न बांधला गेल्यास वाळवी नाहीच, असा निष्कर्ष काढू नये. चौकटी, तुळया, वासे, भिंतीतील कपाटे व स्नानगृहालगतची ओल यांची पाहणी करावी. पेचकसाच्या मुठीने ठोकल्यावर पोकळ आवाज आल्यास लाकूड पोखरलेले असण्याचा संभव असतो. पहिल्या पावसानंतर खिडकीपाशी गळून पडलेल्या पंखांचा ढीग दिसणे, हीही महत्त्वाची खूण होय. याउलट, बारीक गोल छिद्रे व पिठासारखा भुसा दिसल्यास तो बहुधा लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यांचा उपद्रव असतो. त्यावरील उपाय वेगळा आहे.

भारतीय मानक ६३१३ च्या तिसऱ्या भागात बांधून झालेल्या इमारतींवरील वाळवी-उपचार दिले आहेत. भिंत व फरशी यांच्या सांध्यावर सुमारे ३० सें.मी. अंतराने छिद्रे पाडून त्यांत कीटकनाशक सोडले जाते. अशा बुजविलेल्या छिद्रांची ओळ दिसल्यास तो दोष मानू नये. उपचार केव्हा, कोणाकडून व कोणत्या हमीवर झाला याची पावती मागावी.

कायदेशीर बाजू :
मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ अन्वये, विरुद्ध करार नसल्यास, विक्रेत्यास ठाऊक असलेला परंतु खरेदीदारास ठाऊक नसलेला आणि सर्वसाधारण दक्षतेने न कळणारा महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. असा दोष न सांगणे कपट ठरते. तथापि या तरतुदीतील दोन शब्दयोजना निर्णायक आहेत : ‘ठाऊक असलेला’ आणि ‘सर्वसाधारण दक्षता’. दर्शनी भिंतीवर मातीच्या नळ्या दिसत असूनही खरेदीदाराने पाहिले नाही, तर त्याची बाजू दुबळी होते. त्या नळ्या खरवडून वर रंग दिला असल्यास विक्रेत्याची बाजू दुबळी होते. परंतु त्याला दोष ठाऊक होता हे सिद्ध करावे लागते.

नव्या प्रकल्पांसाठी स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ चे कलम १४ आहे. ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामाच्या रचनेतील वा कामाच्या दर्जातील दोष निदर्शनास आणल्यास तो विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. जुन्या घराच्या फेरविक्रीत मालकाविरुद्ध हे संरक्षण मिळत नाही. अमेरिकेत माजी सैनिकांच्या गृहकर्ज योजनेत अनेक राज्यांमध्ये वाळवी-तपासणीचा अहवाल आवश्यक असतो. आपल्याकडे ही दक्षता सर्वस्वी खरेदीदारावर आहे.

निष्कर्ष :
वाळवी-तपासणी ही केवळ कीटकशास्त्राची बाब नसून पुराव्याचीही बाब आहे. इसारपत्रापूर्वी छायाचित्रांसह लेखी अहवाल घ्यावा, पूर्वीच्या उपचारांविषयी विक्रेत्याचे निवेदन इसारपत्रात समाविष्ट करावे आणि दोष आढळल्यास किंमत वा दुरुस्तीची जबाबदारी तेथेच ठरवावी. ‘आहे त्या स्थितीत’ हे शब्द असलेल्या मसुद्यावर वकिलाच्या सल्ल्याविना स्वाक्षरी करू नये. हा अहवाल प्रामाणिक विक्रेत्यालाही पुढील आरोपापासून वाचवितो. कर्जाचे हप्ते १५-२० वर्षे चालतात. ज्या छपरासाठी ते भरावयाचे, ते तितकी वर्षे टिकेल काय, हे सही करण्यापूर्वीच पाहणे शहाणपणाचे होय.